पडद्यावरची नुरा कुस्ती

१/
कोल्हापूरच्या कुस्तीशौकिनाला फसवणे सोपे नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली उभारलेल्या खासबाग मैदानात दोन मल्ल संगनमताने लढू लागले, तर सर्वांत वरच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्यालाही ते लगेच कळते. मग ‘नुरा, नुरा’ असा गलका उठतो. आजरा, गडहिंग्लज, चंदगड या पट्ट्यातील जत्रांच्या मैदानांत बसणाऱ्यांची नजरही अशीच तयार असते. हाच जाणता प्रेक्षक ऐतिहासिक चित्रपटाला जातो तेव्हा मात्र पडद्यावरच्या उघड नुरा लढाईला शिट्ट्या वाजवतो. हा थ्रेड या विसंगतीविषयी आहे.

२/
प्रतिपाद्य आरंभीच स्पष्ट असावे. गेल्या दहा वर्षांतील मराठा इतिहासावरचे बहुतेक चित्रपट ‘जिवंत’, ‘थरारक’, ‘वास्तववादी’ लढाईचा दावा करतात. शस्त्र हाती धरणाऱ्यांच्या कसोटीवर तो दावा टिकत नाही आणि समकालीन साधनांच्या कसोटीवरही टिकत नाही. त्यातून होणारी हानी केवळ तपशिलाची नाही. ज्यांच्या शौर्याचा गौरव करायचा, त्यांच्या शौर्यातला अर्थच या लढाया काढून घेतात.

३/
पडद्यावरील लढाईचा न्याय लढणाऱ्यांनी करावा, ही कल्पना नवी नाही. जपानमध्ये २००७ साली ‘कुरो-ओबी’ (काळा पट्टा) हा चित्रपट आला. त्याची कथा १९३२ मध्ये सुरू होते. त्यातील प्रमुख भूमिका नाका तात्सुया आणि यागी अकिहितो या प्रत्यक्ष कराटे शिकवणाऱ्या पुरुषांनी केल्या. जगभरच्या कराटे अभ्यासकांत त्याचे नाव झाले, त्यामागे कारण होते: त्यात हालचाल कमी आहे. माणसे उभी राहतात, अंतर मोजतात, थांबतात. एक प्रहार होतो आणि संघर्ष संपतो.

४/
कराटेवाला चित्रपट पाहताना साधारण तीन प्रश्न विचारतो. दोघांमधले अंतर खरे आहे का, की प्रहार हवेतच जातो आहे? प्रहारामागे पायांचे आणि कमरेचे बळ आहे का, की नुसता हात फिरतो आहे? आणि प्रहार लागल्यावर शरीरावर त्याचा परिणाम दिसतो का? सरावात प्रहार लक्ष्यापासून केसभर अलीकडे थांबवण्याची शिस्त कराटेत आहे. त्यामुळे थांबवलेला प्रहार आणि मुळात न पोचणारा प्रहार यांतला फरक त्याच्या डोळ्यांना लगेच दिसतो. हेच तीन प्रश्न मराठी पडद्याला विचारता येतात, कारण ते विचारण्याचा अधिकार असलेले लोक कोल्हापुरातच आहेत.

५/
ते लोक म्हणजे मर्दानी खेळाच्या आखाड्यांतील वस्ताद आणि त्यांचे शिष्य. लाठी, फरी-गदगा, तलवार-ढाल, दांडपट्टा, भाला, दोरी बांधलेला विटा, काळविटाच्या शिंगांचा माडू ही शस्त्रे कोल्हापूरच्या तालमी-आखाड्यांत आजही शिकवली जातात. फरी म्हणजे लहान ढाल आणि गदगा म्हणजे कातडे चढवलेली काठी. तलवारीपूर्वी हे दोन्ही हाती येतात. म्हणजे वार करणे आणि वार घेणे यांचे शिक्षण एकत्रच सुरू होते. चित्रपटाने यातले नेमके दुसरे अर्धे टाकून दिले आहे.

६/
दांडपट्ट्याचेच उदाहरण पाहा. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये त्याला राज्यशस्त्राचा मान दिला, त्यामुळे त्याचे चित्र आता सर्वत्र दिसते. पट्ट्याचे पाते लांब आणि सरळ असते आणि मूठ पोलादी खोबळ्याच्या आत असते. खोबळा मनगटाच्या पुढे कोपराकडे चढतो, म्हणून मनगट जवळजवळ बांधले जाते. पट्टा फिरतो तो कोपर, खांदा, कंबर आणि पाय यांच्या जोरावर. पायांचा पवित्रा चुकला की पट्टा वाहून जातो आणि धरणाऱ्याचा तोल सुटतो. पडद्यावरचा नायक मात्र पट्टा छडीसारखा मनगटावर नाचवतो. ज्याने एकदाही पट्टा हातात घातला आहे, त्याच्यासाठी ती लढाई तिथेच संपलेली असते.

७/
पट्ट्याला जागा लागते, हेही विसरले जाते. १३ जुलै १६६० रोजी घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांचे मावळे उभे राहिले, कारण अरुंद वाटेत शत्रूची संख्या निरुपयोगी ठरते. एका वेळी थोडेच लोक पुढे येऊ शकतात, हा खिंडीचा सारा फायदा. अशा जागी दोन्ही हातांत पाती घेऊन गरगर फिरणारा वीर सर्वप्रथम आपल्याच सोबत्याला जखमी करील. खिंड लढवण्यासाठी खांद्याला खांदा, ढालीला ढाल आणि मागच्या माणसाने पुढच्याची जागा घेण्याची शिस्त लागते. चित्रपटाला एकच चेहरा मोठा हवा असतो, म्हणून तो बांदलांना पार्श्वभूमीत ढकलतो. ज्या समूहाने ती वाट अडवली, त्याच्यावर हा अन्याय आहे.

८/
आता खणखणाट. चित्रपटातील तलवारी सतत एकमेकींवर आपटतात, ठिणग्या उडतात, दोन पाती अडकून दोन चेहरे जवळ येतात. आपल्याकडील तलवारबाजीत शत्रूचा वार घेण्याचे मुख्य साधन ढाल होती. धारेवर धार आपटली तर पात्याला खाचा पडतात, हे शस्त्राची किंमत जाणणाऱ्याला सांगावे लागत नव्हते. पडद्यावर मात्र ढाल पाठीवर शोभेला लटकते. ढालीमुळे चेहरा झाकला जातो आणि नायकाचा चेहरा झाकणे निर्मात्याला परवडत नाही. याचे कारण व्यापारी आहे. त्याला इतिहासाचे नाव देऊ नये.

९/
ढालीचे महत्त्व पाहायचे तर सिंहगड आठवावा. ४ फेब्रुवारी १६७० च्या त्या रात्रीविषयी कृष्णाजी अनंत सभासद फार थोडे लिहितो. तानाजीची ढाल तुटली, दुसरी वेळेवर मिळाली नाही, म्हणून डाव्या हातालाच ढाल करून तो लढला आणि दोघेही वीर पडले, एवढाच त्याच्या कथनाचा आशय. ढाल तुटणे म्हणजे मृत्यू समोर दिसणे, हे लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला दोघांनाही माहीत होते, म्हणून एवढे पुरले. २०२० च्या ‘तान्हाजी’ला हे पुरले नाही. त्याने ‘नागीण’ नावाची अजस्र तोफ कल्पून गडावर आणली. तुटलेल्या ढालीत जे नाट्य होते, ते तोफेत नाही.

१०/
सभासदाची बखर १६९७ च्या सुमारास जिंजीला लिहिली गेली. ती प्रत्यक्षदर्शीची रोजनिशी नाही आणि तिच्यातही अतिशयोक्ती आहे. तरी १० नोव्हेंबर १६५९ च्या प्रतापगडाच्या भेटीचे तिचे वर्णन शस्त्राच्या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. खानाचा वार अंगरख्याखालच्या चिलखतावर खरखरतो. सय्यद बंडा पट्ट्याचे मोजके वार करतो, ते महाराज आपल्या शस्त्रांवर घेतात आणि पुढचा वार पडण्याआधी जिवा महाला बंडाचा पट्ट्याचा हात तोडतो. वार मोजता येतात. चिलखत आपले काम करते. एका वाराने हात जातो आणि पारडे फिरते. चित्रपटांत याच्या उलट घडते: चिलखत कागदासारखे फाटते आणि वीस वार खाल्लेला माणूस भाषण करतो.

११/
पन्हाळ्याचे उदाहरणही जिल्ह्यातलेच. मार्च १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदने अवघ्या ६० माणसांनिशी रात्रीच्या छाप्यात तो प्रचंड गड घेतला. त्यावर जयराम पिंड्ये यांचे ‘पर्णालपर्वतग्रहणाख्यान’ हे समकालीन संस्कृत काव्यही आहे. ६० माणसांनी गड घेतला, याचा अर्थ प्रत्येकाने दहा-वीस जणांना आडवे केले असा लावणे म्हणजे त्या मोहिमेची बुद्धी नाकारणे. टेहळणी, अंधार, अचानकपणा आणि शत्रूच्या मनातला गोंधळ यांनी गड पडला. शत्रूला लढाईची संधीच न देणे हे तिथले युद्धकौशल्य होते. त्या शांततेचे चित्रण अवघड असते. म्हणून पडद्यावर तिथे आरडाओरड येते.

१२/
या सगळ्याची खरी परीक्षा आजऱ्याच्या शेजारी, गडहिंग्लज तालुक्यातील नेसरीच्या खिंडीत आहे. २४ फेब्रुवारी १६७४. सरनोबत प्रतापराव गुजर यांनी उमराणीला कोंडलेल्या बहलोलखानाला सोडून दिले होते, तो पुन्हा चालून आला होता आणि त्याला बुडवल्याखेरीज तोंड दाखवू नये, असा महाराजांचा निरोप होता. सभासद मोठ्या युद्धाची आणि प्रतापरावांच्या मृत्यूची नोंद करतो. इंग्रजांचा दुभाषी नारायण शेणवी याच्या एप्रिल १६७४ च्या पत्रात मात्र दोन टेकड्यांमधील अरुंद वाटेत, सैन्याची मदत न मिळालेले प्रतापराव आणि सहा स्वार मारले गेल्याचे कळते. ‘सात’ या संख्येचा महत्त्वाचा आधार हे पत्र आहे.

१३/
कुसुमाग्रजांच्या कवितेने हे सात घराघरांत पोचवले. कवितेचा तो अधिकार आहे. ती शस्त्रांचा तपशील सांगण्याचा दावा करत नाही. सहा स्वारांची जी नावे आज फलकांवर आणि समाजमाध्यमांवर फिरतात, ती समकालीन कागदांत नाहीत. म्हणजे नेसरीविषयी निश्चित माहिती थोडी आहे. पण त्या थोड्या माहितीत एक गोष्ट पक्की आहे: ते जिंकू शकत नव्हते. सात घोडेस्वार सैन्यावर जातात तेव्हा काय होते, हे मर्दानी खेळाचा कोणताही वस्ताद सांगेल. फार वेळ लागत नाही. घोडा पडतो, माणूस घेरला जातो, पाठीमागून वार होतो.

१४/
हे असेच दाखवावे, अशी मागणी आहे. तो क्षण छोटा, कुरूप आणि भयंकर होता, म्हणूनच त्यांचा निर्णय मोठा ठरतो. पडद्यावर सातजण शंभरांना लोळवू लागले की प्रेक्षकाच्या मनातून भय जाते. भय गेले की धैर्यालाही अर्थ उरत नाही. न मरणाऱ्या माणसाने खिंडीत उडी घेण्यात विशेष काय? प्रतापरावांच्या मृत्यूनंतरही इतिहास थांबत नाही. महाराजांनी त्यांच्या कन्येला राजारामांसाठी सून करून घेतले. त्या सोयरिकीत जेवढे दुःख आणि जेवढी जबाबदारी आहे, तेवढी कोणत्याही लढाईच्या दृश्यात मावणार नाही. अमानुष ताकदीच्या नायकाच्या कथेत त्या लेकीला जागाच राहत नाही.

१५/
इथे काही आक्षेप येतील. पहिला: चित्रपट म्हणजे मनोरंजन, कराटे-परीक्षा नव्हे. मग अकिरा कुरोसावाचा १९५४ चा ‘सेव्हन सामुराई’ पाहावा. त्यातील शस्त्रकामाला कातोरी शिंतो-र्यू या जुन्या परंपरेचे आचार्य सुगिनो योशिओ यांचे मार्गदर्शन होते. त्यातील द्वंद्व एका वारात संपते. सातांपैकी चार सामुराई मरतात आणि चौघेही बंदुकीच्या गोळीने मरतात. अव्वल तलवारबहाद्दरही त्यातून सुटत नाही. तो चित्रपट आज सात दशके जगभर पाहिला जातो. कुरोसावानेही मंद गती वापरली आहे, पण आरंभीच्या प्रसंगात ती मरून कोसळणाऱ्या चोरासाठी आहे. आपल्याकडे ती नायकाच्या केसांसाठी वापरतात.

१६/
दुसरा आक्षेप: मराठी पडद्याची परंपराच भव्यतेची आहे. हे अर्धसत्य आहे. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी १९२३ च्या ‘सिंहगड’साठी कृत्रिम प्रकाशात रात्रीची दृश्ये टिपली, त्यात शेलारमामांच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते. पुढे ‘प्रभात’च्या मूकपटाचे ‘स्वराज्याचे तोरण’ हे नाव ब्रिटिश सेन्सॉरला सोसवले नाही आणि तो १९३० मध्ये ‘उदयकाल’ म्हणून आला. ब्रिटिश मुलखात १८७८ च्या कायद्याने लोकांच्या हातून शस्त्र गेले होते. त्या काळी पडद्यावर उगारलेली तलवार हे राजकीय विधान होते, म्हणून तिच्यातली अतिशयोक्ती समजू शकते. आज पडद्यावरच्या तलवारीला कोणी बंदी केलेली नाही. त्या अतिशयोक्तीचे ऐतिहासिक कारण संपले आणि सवय मात्र उरली.

१७/
तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: मर्दानी खेळ तरी सतराव्या शतकातला कुठे आहे? हे मान्यच केले पाहिजे. सामानगड आणि भुदरगडच्या गडकऱ्यांनी १८४४ मध्ये केलेल्या उठावानंतर या भागातील गडकऱ्यांची पिढीजात व्यवस्था मोडली गेली. शस्त्र रणातून निघाले आणि आखाड्यात, मिरवणुकीत, उत्सवात राहिले. मग लिंबू कापणे, चक्राकार फिरणे, एकाने अनेकांना थोपवणे यांसारखी नेत्रदीपक अंगे वाढली. कराटेचेही असेच झाले: विसाव्या शतकाच्या आरंभी इतोसू अंको यांनी ते ओकिनावाच्या शाळांत नेले आणि शाळेच्या गरजेनुसार ते बदलले. परंपरा जिवंत राहते ती बदलूनच.

१८/
चित्रपटवाल्यांची चूक नेमकी इथे आहे. ते आखाड्यात जातात, मिरवणुकीतील सर्वांत दिपवणारी दहा मिनिटे उचलतात आणि तीच रणांगण म्हणून दाखवतात. प्रेक्षकांना चहूबाजूंनी दिसावे म्हणून घेतलेली गिरकी, शत्रूकडे पाठ करण्याचा डाव होऊन बसते. वस्तादाला प्रात्यक्षिक आणि लढत यांतला फरक विचारला जात नाही. वस्तादाची साक्ष कागदाची जागा घेऊ शकत नाही, हे खरे. पण हाताचे वजन, मनगटाची मर्यादा, पायाखालची जमीन आणि दम किती वेळ पुरतो, या गोष्टी शरीराला तेव्हा जशा लागू होत्या तशाच आज आहेत. साधारण किलोभराची तलवारही काही मिनिटे जोराने चालवली की दंड भरून येतो. कागद जिथे गप्प बसतो, तिथे ही साक्ष निदान अशक्य काय ते सांगते.

१९/
चौथा आक्षेप बहुधा रागाने येतो: अशी चिकित्सा म्हणजे महापुरुषांचा अपमान. अपमान कोण करते, ते पाहावे. २०२५ च्या ‘छावा’त नायक हातांनी सिंहाचा जबडा फाडतो. ज्या राजाने नऊ वर्षे मोगल, सिद्दी आणि पोर्तुगीज यांच्याशी एकाच वेळी झुंज दिली, त्याची थोरवी पटवण्यासाठी सिंह लागतो, हे मानणे हाच त्याच्या राजकारणावरचा आणि सेनापतित्वावरचा अविश्वास आहे. १६८९ मध्ये संगमेश्वरला मुकर्रबखान कोल्हापूरकडूनच घाट उतरून अचानक आला. फारसी साधनांतील ती चकमक थोडक्यात आटोपते. कवी कलशाच्या हाताला बाण लागतो आणि सुटकेची वाट बंद होते. ती घाई, ती फसगत दाखवली, तर पुढच्या बलिदानाचे वजन वाढते. अर्धा तास शत्रू हवेत उडवून ते वाढत नाही.

२०/
मागण्या मोठ्या नाहीत. ढाल पाठीवरून हातात आणावी. चिलखताला चिलखताचे काम करू द्यावे. द्वंद्व लहान ठेवावे आणि जखमेनंतर माणूस जखमी दिसावा. नटाला तलवार देण्याआधी काही महिने फरी-गदगा खेळवावा. वस्तादाला पटकथेच्या टप्प्यावरच विचारावे आणि त्याचे नाव श्रेयनामावलीत साहसदृश्यांच्या दिग्दर्शकाशेजारी लावावे. बंदूक, बाण आणि घोडा यांना त्यांचे स्थान द्यावे. आणि यांपैकी काहीच करायचे नसेल, तर ‘वास्तववादी’ हा शब्द जाहिरातीतून काढावा. कल्पनारम्य चित्रपट काढण्यात कमीपणा नाही. कल्पनारम्याला खरे म्हणून विकण्यात आहे.

२१/
उरतो प्रेक्षक. आजऱ्याहून नेसरीच्या स्मारकाला जाणारे तरुण आज तिथे चित्रपटातील पार्श्वसंगीत लावून चित्रफिती करतात. त्यांच्या मनातला आदर खरा आहे, पण त्याचे रूप पडद्याकडून उसने आले आहे. त्यांनी एकदा त्या वाटेची रुंदी पाहावी, सात घोडे तिथे कसे उभे राहतील ते मोजावे, जमल्यास एखाद्या आखाड्यात जाऊन पट्ट्याचा खोबळा हातात घालून पाहावा. मग पुढचा चित्रपट पाहताना डोळा आपोआप कुस्तीच्या मैदानातला होईल. कोल्हापूरच्या मातीने प्रेक्षकाला ‘नुरा’ म्हणून ओरडण्याचा हक्क दिला आहे. तो चित्रपटगृहाच्या दाराशी सोडून आत जाण्याचे कारण नाही.